टोस्टावरचे उंदीर

आमच्या चौसाळा गावात सुरैयाआपानं आजवर साडेसातशे बाळंतिणी न्हाऊ घातल्या आहेत. आकडा तिचा. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी आणि गणित शिकवलंय, त्यामुळे एकदा बोटांवर मोजून म्हटलं, "आपा, सातशेच्या वर जात नाही गं." तर बाईसाहेब चार दिवस माझ्या गल्लीत फिरकल्या नाहीत. शेवटी मीच साडेसातशे कबूल केले. निवृत्त मास्तरणीला दुपारच्या चहाला सोबत मिळणं किती अवघड असतं, ते निवृत्त झाल्याशिवाय कळत नाही.

आपा पन्नाशीची, बुटकी, आवाज मात्र हायवेपलीकडे ऐकू जाणारा. तिचा नवरा चाँदभाई फाट्यावर ट्रकची पंक्चरं काढतो. त्याचे हात ग्रीसनं काळे, हिचे तेलानं मऊ. न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसायचं, पोर नडगीवर पालथं घ्यायचं, तेल जिरवायचं, ऊन पाण्याचे तांबे घालायचे, आणि हे सगळं करता करता बाळंतिणीच्या सासूला दोन शब्द सुनवायचे, ही तिची रीत. सासवा तिला भितात. थोडी मीही भिते, पण ते तिला सांगत नाही.

गावातल्या घराघराचं बाळंतपण तिला पाठ आहे. शेजारच्या सुंदररावांच्या घरी पाचवीला सटवाई पूजतात. तिथं कोरा कागद आणि पेन मांडायचं राहिलं, तर त्यांच्या गीताबाईंवर ओरडणारी हीच. "सटवाई पोराचं नशीब काय तळहातावर लिव्हून नेईन का?" आणि तिथून उठून आपल्या मोहल्ल्यात गेली की पहिला प्रश्न, बाळाच्या कानात अजान दिली का? एका घरी डिंकाचे लाडू, दुसऱ्या घरी अछवानी, म्हणजे तूप, सुंठ, गूळ आणि सुकामेव्याचं कढत पेय. लमाणांच्या तांड्यावर आणखी तिसरंच काही. "दर दोन दारांनी बाळातपन बदलतंय बाई," ती म्हणते, "बदलत न्हाई ती फकस्त कळ."

काही नियम मात्र तिचे स्वतःचे, आणि ते सगळ्या जातीधर्मांना सारखे लागू. बाळंतिणीनं कान बांधायचे. गार पाण्याला हात लावायचा नाही. चाळीस दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि रडायचं नाही, कारण रडलं की दूध आटतं. बाकीच्या नियमांत ती थोडीफार सूट द्यायची, या शेवटच्यात कधीच नाही.

झोया तिची एकुलती एक लेक. बीडला डी. फार्मसी झाली, परळीच्या मुबीनशी निकाह झाला, आणि मुबीनला हॉलंडमध्ये आइंडहोवन नावाच्या गावी यंत्रांच्या कारखान्यात नोकरी लागली तशी तीही तिकडे गेली. पोरीला दिवस गेल्याचा फोन आला त्या दिवशी आपा धावत माझ्याकडे आली. "बाई, साडेसातशे परक्यांच्या झाल्या. आता माझी सोताची!" तिनं माझे दोन्ही हात धरून मला अंगणात फिरवलं. माझे गुडघे दोन दिवस दुखत होते, पण मजा आली.

व्हिसाचा अर्ज मीच भरला. जाण्याचं कारण या रकान्यात मी लिहिलं, मुलीची भेट. तिनं ते वाचून दाखवायला लावलं आणि भडकली. "भेट? पाव्हणी म्हनून चाल्ले का मी? बाळातपन करायला चाल्ले, तसं लिव्हा." मी तसं लिहिलं नाही, आणि लिहिलंय म्हणून सांगितलं. मग तो पासपोर्ट मुंबईला जाऊन बसला. बाळाला काही पासपोर्टाची पडलेली नव्हती. ते दहा दिवस आधीच, जानेवारीतल्या एका मंगळवारी आलं.

"बाई, झोयाला लेक झाली!" चाँदभाई रस्त्यावरूनच ओरडत आले.

"कुठल्या दवाखान्यात?" मी विचारलं.

"घरीच झाली!"

आपा मागोमाग येत होती. तिनं ते ऐकलं आणि माझ्या पायरीवरच बसली. कारण तिचं असं: तिची सासू गावची सुईण होती आणि आपानंही तरुणपणी तिच्या हाताखाली नाळा कापल्या होत्या. पुढं सिस्टर आल्या, आशाताई आल्या, घरची बाळंतपणं बंद झाली. ते बरंच झालं असं आपा स्वतः म्हणते, कारण रस्त्यात गेलेल्या दोन बायका तिनं डोळ्यांनी पाहिल्या आहेत. आणि आता तिचीच लेक, एवढ्या पैसेवाल्या देशात, घरी बाळंत! "गाडी मिळाली न्हाई का? कावून नेलं न्हाई दवाखान्यात?"

माझ्या मुलाच्या, हरिओमच्या, जुन्या लॅपटॉपवर आम्ही मुबीनला गाठलं. तो बिचारा झोप न झालेल्या डोळ्यांनी समजावत होता. तिथं सगळं ठीक असेल तर बाईला विचारतात, घरी की दवाखान्यात. चार वर्षं शिकलेली सुईण सगळं सामान घेऊन घरी येते. दवाखाना दहा मिनिटांवर असतो. झोयानं घर निवडलं. "और मैं था ना अम्मी उसके पास, पूरा टाइम. हात पकडके."

"तू आत हुतास?" आपाचा आवाज चिरकला. चाँदभाई पंक्चरच्या दुकानाकडे निघून गेले.

इथं एक सांगून ठेवते. ही मंडळी आपसात दखनीत बोलतात, मी ते बहुतेक मराठीत लिहिते आहे. माझ्या दखनीला आपाच हसते, तुम्हाला कशाला संधी देऊ?

खरी बातमी पुढंच होती. मुबीन म्हणाला, काळजी करू नका, इथं विम्यातून आठ दिवस रोज एक बाई घरी येते. आईला न्हाऊ घालते, बाळाला बघते, दूध पाजायला शिकवते, खायला करते, कपडेसुद्धा धुते.

आपानं बांगड्या कोपराकडे सारल्या. तिला राग यायला लागला की बांगड्या वर चढतात. "म्हंजे माझ्यावानी?"

"हाँ अम्मी. एकदम तुमच्यासारखीच."

जावयानं सासूच्या मनाला बरं वाटावं म्हणून म्हटलं, आणि नेमकं तेच तिला लागलं. तिची जागा होती ती. लेकीच्या उशाची. तिथं आता मार्लीस नावाची सहा फूट उंच, पांढऱ्या केसांची, निळ्या डोळ्यांची बाई बसली होती, आणि कॅमेऱ्यात बघून हात हलवत होती. मार्लीस हे नाव आपाच्या तोंडात बसेना. तिनं लगेच मरियम करून टाकलं.

दुसऱ्या दिवशीपासून आमच्याकडे दुपारचा दीड आणि त्यांच्याकडे सकाळचे नऊ, असा दरबार भरायला लागला. आपा माझ्या खुर्चीत, मी दुभाषी म्हणून शेजारी स्टुलावर. मार्लीसचं इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ. माझं इंग्रजी तीस वर्षं फळ्यावरचं, ते पहिल्यांदाच माणसाशी बोलायला बाहेर पडलेलं. मी पहिल्या दिवशी तिला उत्तर देताना उभीच राहिले.

आपाला काहीच पसंत पडेना. थंडीच्या दिवसांत खिडकी उघडी! झोयाचे कान मोकळे! दुसऱ्याच दिवशी तिला चालवत नेऊन आंघोळ, आणि जेवायला गार पाव, गार लोणी! "मारती का काय माझ्या पोरीला?" आपा ओरडायची आणि मला ते मार्लीसला सांगायला लावायची. मी सांगायची, "शी इज आस्किंग, इज इट नॉट कोल्ड?" मार्लीस हसून म्हणायची की ताजी हवा बाळाला चांगली. आणि मग पाळण्यात हात घालून कापडात गुंडाळलेली एक पत्र्याची बाटली दाखवायची. कढत पाण्यानं भरलेली, घट्ट बुचाची, बाळाच्या पायांपासून हातभर लांब ठेवलेली.

"शेकाची सोय हाय म्हना," आपा पुटपुटली. "एवढं तरी कळतंय."

त्याच दिवशी तिला पलंग दिसला. झोयाचा पलंग चांगला कमरेइतका उंच केलेला होता, खाली लाकडी ठोकळे घालून. आपाला वाटलं घरात पाणी शिरतं की काय. मी विचारलं. मार्लीस म्हणाली, नाही, हा नियमच आहे. पलंग इतका उंच नसेल तर आमच्यासारखीला कामच करू देत नाहीत. बाळंतिणीसाठी नव्हे, माझ्या पाठीसाठी.

मी ते मराठीत सांगितलं. आपानं मला ते पुन्हा सांगायला लावलं. तीस वर्षं पाटावर बसून तिची कंबर गेलेली आहे, उठताना भिंत धरावी लागते. "तिच्या पाठीसाठी?" ती म्हणाली. "सरकारनं? करनारणीच्या पाठीसाठी?" त्या दिवशी तिनं मार्लीसला आणखी काही सुनावलं नाही.

तिसऱ्या दिवशी उंदीर निघाले.

मार्लीस एका वहीत रोज सगळं टिपून ठेवायची. बाळाचं अंग किती तापलं, किती वेळा शू झाली, आईनं काय खाल्लं. मुबीननं त्या पानाचा फोटो काढला, फोननंच त्याचं इंग्रजी केलं आणि मला पाठवलं. माझ्याकडे आपा होती आणि गीताबाईही आल्या होत्या, आपाची नात बघायची म्हणून. मी चष्मा लावला आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचायला लागले. ताप नाही. शू दोनदा. आईनं सकाळी टोस्ट खाल्ले दोन. उंदीर लावून.

मी थांबले. पुन्हा वाचलं. 'विथ माइस' असंच लिहिलं होतं. माऊसचं अनेकवचन माइस, हे मी तीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलेलं. तिथं माझी चूक होणं शक्यच नव्हतं.

"उंदरं?" गीताबाई किंचाळल्या. "अगं माय! उंदरं चारले पोरीला?"

"हराम!" आपा उभी राहिली. बांगड्या थेट कोपराला. "बाळातपनात माझ्या लेकीला हराम चारलं! लावा फोन! आत्ता लावा!"

फोन लागेना. मुबीन बाळाची नोंद करायला कचेरीत गेलेला, झोया झोपलेली. तो अर्धा तास मी विसरणार नाही. गीताबाई फाटकाबाहेर गेल्या आणि गल्ली घेऊन परत आल्या. बेकरीवाला पप्पू सायकल थांबवून सांगायला लागला की आपल्याकडच्या टोस्टात असलं काही नसतं, पाहिजे तर भट्टी बघून जा. चाँदभाई आले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "मी सांगतलं हुतं, परळीतच नोकरीवाला बघा. आयकलं का कुनी?" आपा येरझाऱ्या घालत होती. मी मात्र हळूच वहीचं ते पान मोठं करून बघत होते. वाचलं मीच होतं ना.

अखेर मुबीनचा फोन आला. मी काय झालं ते सांगितलं, तर तो इतका हसला की झोया जागी झाली. त्यानं स्वयंपाकघरात जाऊन बशी आणली आणि कॅमेऱ्यापुढं धरली. गोल, कोरडा टोस्ट. त्यावर लोणी. लोण्यावर गुलाबी आणि पांढरे साखरेचे बारीक दाणे.

"याचं नावच उंदीर आहे अम्मी. इथं बाळ झालं की हे वाटतात. मुलगी झाली की गुलाबी."

"जवळ धर," आपा म्हणाली. "आनखी जवळ. एक दाना फोड बघू." मुबीननं फोडला. आपानं नाक स्क्रीनला लावलं, जणू वास येणार होता. आणि एकदम ओरडली, "बाई, ही तर बडीशेप!"

बडीशेपच होती ती, किंवा तिची धाकटी बहीण. मार्लीसनं एक दाणा चिमटीत धरून दाखवला. साखरेच्या गोळीला मागं इवलीशी काडी. ती शेपटी दिसते म्हणून उंदीर. आणि देतात कशासाठी? जुन्या बायका सांगायच्या, यानं आईला दूध येतं.

मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली. "आपा, अगं आपणही शेपच म्हणतो की! बाळंतशेपा! शेप म्हणजे शेपटी! त्यांना दिसली तीच आपल्याला दिसली!" शब्द कुठून आला हे मला कुठं ठाऊक, पण त्या क्षणी मला अगदी खात्री होती. गीताबाईंनीसुद्धा मान डोलावली. आपा मार्लीसकडे बघत होती, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसली. "मरियमला म्हनावं, आमच्याकडं बी ह्येच देतेत. दुधासाठीच. तिला म्हनावं, तू बी माझ्यावानीच हायेस."

मी ते सांगितलं. पण मार्लीस नेहमीसारखी खळखळून हसली नाही. ती म्हणाली, दूध उतरतंय असं मला अजून वाटत नाही.

गोष्ट अशी होती. जन्मल्यावर बाळाचं वजन थोडं उतरतंच, ते आपालाही ठाऊक आहे. पण पोरगी तोंड लावायची, दोन चोखे घ्यायची आणि मान फिरवून किंचाळायची. वजन तीन किलो पन्नास ग्रॅम होतं, ते चौथ्या दिवशी सकाळी दोन किलो सातशे साठ भरलं. सुईण येऊन सांगून गेली होती की दहा टक्क्यांच्या खाली गेलं तर वरचं दूध सुरू करू आणि दवाखान्यात दाखवू. दहा टक्के म्हणजे तीनशे पाच ग्रॅम. गणित मला नको होतं, पण डोक्यानं ते करून टाकलंच. पंधरा ग्रॅम उरले होते. उद्या सकाळचं वजन ठरवणार होतं.

"बाटली म्हणजे काही विष नाही आपा," मी म्हटलं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "पर ती पोरगी भुकी हाय बाई. समोर हाय अन मला उचलता येईना." साडेसातशे लेकरं तिच्या नडगीवरून गेली होती, आणि तिची नात एका काचेमागं रडत होती. तिचे हात टेबलावर नुसते उघडे पडलेले होते. मला बघवेना.

त्या दुपारी ती पाठ सरळ करून बसली. "मरियमला म्हना, मी दावते तसं कर." आणि मग माझ्या इंग्रजीची गरजच उरली नाही. आपानं हवेत हात गोल फिरवला, मार्लीसनं झोयाच्या पाठीमागं उशी गोल दुमडली. आपानं कोपर उचललं, तिनं झोयाचं कोपर उचललं. मार्लीसनं बाळाचे कपडे काढून तिला नागडीच आईच्या छातीवर ठेवलं आणि वर पांघरूण घातलं, ते बघून आपा म्हणाली, "हे चांगलं हाय, ऊब मिळती." एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, आणि दोघी शेजारीशेजारी वाढल्यासारख्या काम करत होत्या. तरी पोरगी मान फिरवायचीच.

आपा आता बाळाकडे बघत नव्हती. झोयाकडे बघत होती. झोयाच्या चेहऱ्यावर हसू होतं. अगदी पहिल्या दिवसापासून तेच हसू, लग्नाच्या फोटोतल्यासारखं. आणि खांदे कानांपर्यंत चढलेले.

"बाई, मरियमला इचारा," आपा हळूच म्हणाली, "पोरगी रडली का?"

मी विचारलं. मार्लीसनं मान हलवली. नाही, आणि मी त्याचीच वाट बघतेय, ती म्हणाली. आमच्याकडे तिसऱ्या-चौथ्या दिवशी जवळजवळ सगळ्याच आया रडतात. त्या रडण्याला आमच्या भाषेत नावच आहे, बाळंतपणाचे अश्रू. त्यात काही वाईट नसतं, रडून झालं की बाई सैल होते आणि दूधही वाहतं. पण ही रडतच नाही. डोळे भरले की तोंड फिरवते. खास करून कॅमेरा सुरू असला की.

हे मी मराठीत सांगायच्या आधी थांबले. आपा माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं, एक शब्द न गाळता.

झोया ऐकत होती. ती म्हणाली, "अम्मी, तुम्हीच तर सांगता ना. बाळंतिणीनं रडायचं न्हाई. दूध आटतं." हसू अजून तसंच होतं, फक्त खालचा ओठ थरथरत होता. "मी न्हाई रडले अम्मी. एकदा बी न्हाई."

आपाचा सगळ्यात पक्का नियम होता तो, तीस वर्षांचा, सगळ्या जातीधर्मांना लागू असलेला. तिनं पदर तोंडाशी नेला, परत खाली आणला, आणि स्क्रीनवर तळहात ठेवला.

"रो ले बेटा," ती म्हणाली. "रो ले. मैं चूक गई. तू रो ले."

झोया फुटली. लहान मुलासारखी, आवाज काढून, अम्मी अम्मी करत रडली. मुबीन घाबरून आत आला, मार्लीसनं त्याला हातानं थांबवलं. ती स्वतः झोयाच्या मागं पलंगावर बसली आणि दोन खांद्यांच्या मध्ये, मानेपासून खाली, अंगठ्यानं चोळायला लागली. आपाही इकडे हवेत तसेच अंगठे फिरवत होती, आणि स्वतः ओक्साबोक्शी रडत होती. खांदे हळूहळू खाली आले. छातीवरची पोरगी चुळबुळली, तिनं तोंड उघडलं, आणि धरलं.

"श्शू!" आपानं मला गप्प केलं, मी बोलत नव्हते तरी. कान लॅपटॉपला लावला. "आयका. घोट. आयका की! अन ह्यो दुसरा!" मला काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. तिला सात हजार किलोमीटरवरून घोट मोजता येत होते. तिकडे मार्लीसनंही तेच केलं होतं, कान बाळाजवळ नेऊन बोटं वर करत होती. तीन. चार. पाच. दोघींची बोटं बरोबर वर जात होती, आणि मी निवृत्त मास्तरीण स्टुलावर उभी राहून ओरडत होते, "सहा! सात!"

दुसऱ्या दिवशी दीड वाजता माझ्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. मार्लीसनं बाळाला काट्यावर ठेवलं आणि काट्याचं तोंड आमच्याकडे वळवलं. दोन हजार आठशे दहा. मी आकडा वाचला आणि पुढचं मला ऐकूच आलं नाही, इतका गलका झाला. चाँदभाई दाराच्या कडीला धरून उभे होते, त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, धूळ गेली. पप्पूच्या बेकरीतून टोस्ट आले. वर लोणी, आणि लोण्यावर हॉटेलात बिलाबरोबर देतात ती रंगीत साखरेची बडीशेप. आपानं पहिला टोस्ट गीताबाईंच्या तोंडात कोंबला. "खावा, खावा! उंदीर हाय!" गीताबाईंनी डोळे मिटून खाल्ला आणि मग आणखी दोन मागितले. नातीचं नाव उज्मा ठेवलं.

बारा दिवसांनी व्हिसा आला. मार्लीसचे आठ दिवस तेव्हा संपले होते. "आठ तिचे, उरलेले माझे," आपा गावभर सांगत सुटली. खारीक, गोडंबी, डिंक, सुंठ, बाळंतशेपा, सगळ्याच्या पुड्या बांधल्या, आणि मी प्रत्येकीवर इंग्रजीत नाव लिहिलं.

निघायच्या आदल्या दुपारी ती शेवटच्या पुड्या घेऊन आली. मी लिहून संपवलं, तरी उठेना. पुड्यांच्या गाठी उगाच सोडत, बांधत होती.

"बाई," ती म्हणाली, "तुमचा हरिओम झाला, त्याला किती वर्सं झाली?"

"सव्वीस."

"तुमचे वडील, अन्ना, त्याच्या आधी आठच दिवस गेलते. तुमी भितीकडं तोंड करून पडलत्या. चवथा दिस हुता. मी म्हनलं, बाई, डोळं पुसा, दूध आटन." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "तुमी पुसले. मला कालपत्तोर वाटायचं, मी तुमच्यावर उपकार केले."

मी म्हटलं, जाऊ दे गं, जुनी गोष्ट. म्हटलं, तुझी गाडी पहाटेची आहे, आवर लवकर. आणखीही काहीतरी बोलत राहिले, आवाज चढवून, मला राग आला की मी बोलते तशी. आपा उठली. तिनं दार लावलं, कडी घातली. मग भिंत धरून खाली बसली, पाय लांब केले आणि मांडीवर थाप मारली.

"आता कुटं दूध आटायचंय बाई," ती म्हणाली. "रडा."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि अण्णांसाठी रडले.